डीआरएमचा पट्टा दिसतो पण आवाज तुटतो: मीडियम वेव्हवरची नेहमीची तक्रार, कारणं आणि इलाज

डीआरएम म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडिआल, एएमच्या पट्ट्यांवरचं डिजिटल प्रक्षेपण. एसडीआरच्या (संगणकावर चालणाऱ्या रिसीव्हरच्या) वॉटरफॉलवर, म्हणजे वारंवारतांच्या सरकत्या चित्रावर, १० किलोहर्ट्झ रुंदीचा, दोन्ही काठ सरळ कापल्यासारखा पट्टा स्वच्छ दिसतो. सिग्नलचा जोर दाखवणारा एस-मीटर ९ च्या वर आहे. डीआरएम उलगडणारा ड्रीम प्रोग्रॅम चालू आहे. तरी आवाज नाही; किंवा चार शब्द ऐकू येतात आणि पाचवा गिळला जातो. दुसरा प्रकार असा की दुपारभर बिनतक्रार चालणारं केंद्र दिवेलागणीला तुटायला लागतं आणि रात्री नऊपर्यंत पूर्ण गप्प होतं.

अशा वेळी हात आधी अँटेनाकडे जातो. वायर लांब करा, मागे अँप्लिफायर लावा. डीआरएमच्या बाबतीत यानं बहुतेक वेळा बिघडतंच. साध्या एएममध्ये सिग्नल कमी पडला की खरखर वाढते आणि उरलेलं कान सांभाळून घेतो. डीआरएमच्या १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मोड ए ही मांडणी असेल तर २२६ उपवाहक (बारीक वाहक लहरी) शेजारी शेजारी चालतात, एकमेकांपासून जेमतेम ४१.७ हर्ट्झवर. त्यातले किती खराब झाले यावर आवाज राहणार की जाणार हे ठरतं. सगळ्यांचा मिळून जोर किती, हे नंतरचं. एस-मीटर ९ अधिक २० दाखवतोय आणि ड्रीममध्ये एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण) ११ डेसिबल, हे दृश्य म्हणूनच रोजचं आहे.

आधी दिवे वाचा

ड्रीममध्ये इव्हॅल्युएशन डायलॉग उघडला की सहा दिवे दिसतात: आयओ, टाइम सिंक, फ्रेम सिंक, एफएसी, एसडीसी आणि एमएससी. ही साखळी आहे. आधीचा दिवा हिरवा झाल्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही, आणि साखळी जिथे अडते तिथेच दोष शोधायचा. एमएससी लाल आहे म्हणून साउंड कार्ड बदलणारे आणि आयओ लाल असताना अँटेना फिरवणारे, दोघांचाही रविवार फुकट जातो.

एफएसी म्हणजे ओळखपत्र: किती रुंदी, एमएससी १६-क्वॅम आहे की ६४-क्वॅम (उपवाहक एका वेळी १६ शक्यतांपैकी एक दाखवतो की ६४ पैकी), भाषा कोणती. तो नेहमी ४-क्वॅममध्ये असतो, त्यामुळे कमी सिग्नलवरही टिकतो. एसडीसीत केंद्राचं नाव आणि ध्वनीच्या कोडेकची (आवाज दाबून बसवायच्या पद्धतीची) माहिती असते. प्रत्यक्ष कार्यक्रम एमएससीत, आणि सगळ्यांत नाजूक तोच. ६४-क्वॅमला स्थिर सिग्नलवर साधारण १५ ते १६ डेसिबल एसएनआर लागतो, १६-क्वॅमला १० च्या आसपास. रात्री सिग्नल हेलकावत असेल तर यात आणखी काही डेसिबल धरा.

आयओ लाल किंवा लुकलुकणारा

इथे रेडिओचा काही संबंध नाही. एसडीआर प्रोग्रॅमपासून ड्रीमपर्यंत नमुने तुटक पोचताहेत. विंडोजच्या साउंड पॅनेलमध्ये व्हर्च्युअल केबलच्या (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्याला देणाऱ्या सॉफ्टवेअर-वायरीच्या) दोन्ही टोकांना, म्हणजे प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडे, ४८००० हर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल असं सारखं ठेवा. एका टोकाला ४४१०० राहिलं तर विंडोज मध्येच दर बदलत बसतं. एन्हान्समेंट नावाचं जे जे असेल ते बंद. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रायव्हसीखाली मायक्रोफोनची परवानगी बंद असेल तर ड्रीमला नुसती शांतता मिळते, कारण व्हर्च्युअल केबलचं दुसरं टोक विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच असतो. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण यात अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

एसडीआर प्रोग्रॅममध्ये एजीसी (आपोआप पातळी सांभाळणारी सोय), नॉइज ब्लँकर, नॉइज रिडक्शन, ऑडिओ फिल्टर, सगळं बंद करा. बोलणं ऐकताना मदत करणारी ही यंत्रं उपवाहकांची उंची सतत खालीवर करतात आणि ६४-क्वॅमचे ठिपके एकमेकांत मिसळतात. ड्रीमच्या इनपुट मीटरवर पातळी उणे २० ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान ठेवा. डीआरएमची शिखरं सरासरीपेक्षा सुमारे १० डेसिबल उंच जातात. मीटर शून्याला टेकवलात तर ती शिखरं कापली जातात.

ट्यूनिंग असं: केंद्र १०४४ वर असेल तर यूएसबी (वरची बाजूपट्टी) मोड, १०३८ किलोहर्ट्झ, फिल्टर १२००० हर्ट्झ. पट्टा ऑडिओमध्ये १ ते ११ किलोहर्ट्झच्या दरम्यान येतो आणि ड्रीम डीसी फ्रीक्वेन्सी ६००० च्या जवळ दाखवतं. फिल्टर ८ किंवा ९ किलोहर्ट्झ राहिला तर वरचे उपवाहक कापले जातात आणि एमएससी कधीच हिरवा होत नाही. ही चूक इतकी सर्रास होते की बाकी काही तपासण्याआधी फिल्टरची रुंदी पाहावी.

टाइम सिंक हिरवा, पण एफएसी कधीच नाही

सिग्नल भरपूर, तरी साखळी इथे अडते, तेव्हा बहुधा वर्णपट उलटा आलेला असतो. आय आणि क्यू (सिग्नलचे दोन जोडभाग) वायरींची अदलाबदल, एलएसबी (खालची बाजूपट्टी) निवडलेलं, किंवा आय-क्यू पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह. ताळा करायची खूण पट्ट्यातच आहे.

वॉटरफॉलचं रिझोल्यूशन १० हर्ट्झच्या खाली आणा, सरासरी काढायचा वेग मंद करा आणि पट्टा मोठा करून पाहा. मध्यापासून ७५०, २२५० आणि ३००० हर्ट्झवर तीन बारीक उभ्या रेघा दिसतील. या डीआरएमच्या वारंवारतेच्या खुणा. त्या अखंड चालतात म्हणून बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतात. १०४४ च्या केंद्रासाठी त्या १०४४.७५, १०४६.२५ आणि १०४७.०० वर हव्यात. मध्याच्या खालच्या बाजूला दिसल्या तर वर्णपट उलटा. ड्रीममध्ये फ्लिप इनपुट स्पेक्ट्रमवर खूण करा, काम झालं. आणि हो, या तीन रेघा दुसऱ्या कुठल्या केंद्राचा त्रास समजून नॉचनं (अरुंद चिरफळी कापणाऱ्या फिल्टरनं) उडवू नका. तसं केलंत तर ड्रीमला सिग्नल पकडून धरता येणार नाही, म्हणजे कुलूपही लागणार नाही आणि दोष सापडायला दिवस जातील.

तीन रेघा दोन्हीकडे नाहीतच? मग हा डीआरएम नसेल. साध्या ट्रान्झिस्टरवर निव्वळ डीआरएम प्रायमस स्टोव्ह पूर्ण पेटल्यावर येतो तसा एकसुरी सूं आवाज देतो. आकाशवाणीची बरीच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर मंडळी दोन्ही प्रकारे चालू शकतात: काही तास निव्वळ डिजिटल, एरवी जोडप्रक्षेपण. जोडप्रक्षेपणात नेहमीचा एएम आपल्या जागी असतो आणि डिजिटल पट्टा शेजारच्या चॅनेलवर, बऱ्याच कमी शक्तीनं. म्हणजे मुंबईसाठी १०४४ वर गाणं ऐकू येत असताना ड्रीम तिथेच लावून बसलात तर काहीच मिळणार नाही. पट्टा बाजूला सरकलेला असतो. वेळापत्रकं बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या यादीपेक्षा आजचा वॉटरफॉल खरा.

एमएससी लुकलुकतो: घरातला गोंगाट

इथून पुढे खरा रेडिओ सुरू होतो. पहिली परीक्षा: लॅपटॉप बॅटरीवर घ्या, चार्जर भिंतीतून काढा आणि घराची मुख्य एमसीबी पाडा. एसएनआर ४-५ डेसिबलनं उडी मारून वर गेला तर चोर घरात आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. नेहमीचे संशयित: स्वस्त एलईडी बल्बचे ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, वॉटर प्युरिफायरचा अडॅप्टर, सेट टॉप बॉक्स, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सोलरचा इन्व्हर्टर. वीज गेल्यावर चालणारा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर तर मीडियम वेव्हचा संपूर्ण पट्टा झाकून टाकतो. उपकरण सापडत नसेल तर खिशातला ट्रान्झिस्टर रिकाम्या वारंवारतेवर लावून भिंतीभिंतीनं फिरवा. त्यातल्या फेराइट सळईचं टोक ज्या दिशेला गेल्यावर खरखर मरते, त्या दिशेला उपकरण.

सगळं बंद करूनही फरक पडत नसेल तर गोंगाट शेजारचा आहे, आणि तो बहुधा अँटेनाच्या केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चालत येतो. मीडियम वेव्हवर चिमट्याची एक फेराइट लावून काही होत नाही. १ मेगाहर्ट्झला एका फेरीचा अडथळा काही दहा ओहमच असतो, पण तो वेढ्यांच्या वर्गानं वाढतो. ३१ नंबरच्या मिश्रणाची मोठी रिंग घ्या, केबलचे ८ ते १० वेढे द्या. यूएसबीच्या वायरलाही असेच वेढे, कारण लॅपटॉपचा गोंगाट तिथून एसडीआरमध्ये शिरतो. त्याहून नेमका उपाय म्हणजे अलग करणारा ट्रान्सफॉर्मर: एफटी-११४-४३ रिंगवर १२ वेढ्यांची एक आणि १२ वेढ्यांची दुसरी गुंडाळी, रिंगच्या समोरासमोरच्या बाजूंना, आपसात कुठेही जोड नाही. एका बाजूला अँटेना, दुसऱ्या बाजूला रिसीव्हर.

विजांचा कडकडाट हा वेगळा विषय. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे मध्ये, मीडियम वेव्ह टाळ्या वाजवल्यासारखी कडकडत असते. काही मिलिसेकंदांचा एक फटका डीआरएम पचवतो. माहिती थोड्या काळभर विखरून पाठवलेली असते, हे करणाऱ्या लांब इंटरलीव्हरला सुमारे २ सेकंदांची व्याप्ती असते. फटके एकामागून एक लागले की मात्र इलाज नाही. रेकॉर्डिंग करून ठेवा आणि पाऊस थांबायची वाट पाहा.

सिग्नल फार जास्त आहे

शहरातला खरा शत्रू हा. आरटीएल-एसडीआर व्ही-३ हा छोटा रिसीव्हर थेट नमुने घेण्याच्या पद्धतीत चालवला की आठ बिटांच्या कन्व्हर्टरवर अख्खी मीडियम वेव्ह आणि वरची शॉर्ट वेव्ह एकदमच आदळते. या पद्धतीत ट्यूनरची गेनची पट्टी जोडलेलीच नसते. ती सरकवून समाधान मिळतं, बाकी काही नाही. मुंबईत मोठ्या टॉवरच्या जवळ असाल तर ५५८ किंवा १०४४ चा एएम कन्व्हर्टरचे सगळे बिट खातो आणि दूरचा डीआरएम शेवटच्या दीड बिटात रांगतो. ओळखायची खूण: स्थानिक केंद्र प्रक्षेपण थांबवतं त्या मिनिटाला पट्ट्याखालचा नॉइज फ्लोअर (गोंगाटाची तळपातळी) धाडकन खाली येतो.

आधी १० डेसिबलचा ॲटेन्युएटर लावून पाहा. सिग्नलच्या वायरमध्ये ६८ ओहम, त्याच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला १०० ओहम, तीन रेझिस्टर, पाच रुपये. एसएनआर वाढला तर निदान नक्की झालं. नंतर एकाच केंद्राला दाबायचं असेल तर सापळा करा: १०० मायक्रोहेन्री कॉइल आणि कंडेन्सर मालिकेत, अँटेनाच्या वायरीपासून जमिनीला. ५५८ साठी ८१३ पिकोफॅरड लागतात. ६८० चा स्थिर आणि २०० चा ट्रिमर समांतर लावा. बऱ्या दर्जाच्या कॉइलनं ५५८ सुमारे १५ डेसिबलनं दबतं. पण हा सापळा दोन्ही बाजूंना २० किलोहर्ट्झपर्यंत ओढतो. तुमचं डीआरएम केंद्र तेवढ्या अंतरात असेल तर पट्टा एका बाजूला कलंडेल, तिथे सापळा नको. लूप फिरवून स्थानिक केंद्र शून्यात घालणं हा त्याहून स्वच्छ मार्ग. दिवसा तो अचूक चालतो.

लूप फार चांगला असण्याचा तोटा

जुन्या डीएक्सरांच्या (दूरची केंद्रं पकडणाऱ्या छांदिष्टांच्या) घरी लाकडी चौकटीचा लूप असतोच: १ मीटर बाजूचा चौकोन, ६ मिलिमीटर अंतरानं ८ वेढे, सुमारे ३२ मीटर वायर, ५०० पिकोफॅरडची गँग (फिरता कंडेन्सर) आणि आतल्या बाजूला रिसीव्हरकडे जाणारा एक सुटा वेढा. एएमवर हा लूप जीव ओततो. डीआरएमवर तोच लूप आवाज मारतो, आणि कारण त्याच्या गुणातच आहे.

अशा लूपची इंडक्टन्स सुमारे २०० मायक्रोहेन्री आणि चांगल्या गँगबरोबर क्यू (लूप किती अरुंद निवड करतो त्याचं माप) १५० पर्यंत जातो. १०४४ ला १५० चा क्यू म्हणजे रुंदी ७ किलोहर्ट्झ. ५५८ ला तर ३.७ किलोहर्ट्झ. आत यायचाय १० किलोहर्ट्झचा पट्टा. मधले उपवाहक ढगात, काठचे तळात. वॉटरफॉलवर सपाट पट्ट्याऐवजी डोंगर दिसतो, गँग केसभर हलवली की डोंगर सरकतो आणि एसएनआर ५ डेसिबलनं वरखाली होतो. असं दिसत असेल तर दुसरीकडे शोधू नका.

इलाज म्हणजे लूप मुद्दाम बिघडवणं. गँगला समांतर रेझिस्टर लावा: १०४४ साठी ४७ किलोओहम, पुण्याच्या ७९२ साठी ३३, ५५८ साठी २२. यानं रुंदी २० ते ३६ किलोहर्ट्झ होते आणि पट्टा सपाट बसतो. १०४४ ला सिग्नल १४ डेसिबलनं पडेल, एस-मीटर बघून छातीत धस्स होईल, पण हवेतला गोंगाटही तेवढाच पडतो आणि प्रमाण तेच राहतं. मीडियम वेव्हवर रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट हवेतल्या गोंगाटापेक्षा बराच खाली असतो, म्हणून हे परवडतं. रेझिस्टर एका छोट्या फिरत्या स्विचवर ठेवले की एएमसाठी लूप पुन्हा मोकळा करता येतो.

लूप लावताना सिग्नल जास्तीत जास्त कुठे, हे शोधू नका. गोंगाट कमीत कमी कुठे ते शोधा आणि नजर एसएनआरच्या आकड्यावर ठेवा. दोन्ही जागा क्वचितच एक असतात.

रोज संध्याकाळी का तुटतं

आता मूळ तक्रार. दिवसा आयनावरणाचा डी थर मीडियम वेव्ह शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणारी भूलहर तेवढी पोचते. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि वरच्या ई आणि एफ थरांवरून परतलेली आकाशलहरही येऊ लागते. ज्या घराला दोन्ही साधारण सारख्या ताकदीनं मिळतात, तिथे दोघींची मारामारी. १०० ते २०० किलोमीटरचा टप्पा या बाबतीत सगळ्यांत वाईट.

पुण्यात बसून मुंबईचं उदाहरण घ्या. सरळ अंतर सुमारे १२० किलोमीटर. ई थर १०० किलोमीटर उंचीवर धरला तर आकाशलहरीचा रस्ता २३३ किलोमीटरचा होतो, म्हणजे ती ०.३८ मिलिसेकंद उशिरा पोचते. एफ थर २५० किलोमीटरवर धरला तर उशीर १.३ मिलिसेकंद. मोड एची राखीव वेळ (एवढा उशीर चालतो) २.६६ मिलिसेकंद आहे, त्यामुळे उशीर हा प्रश्न नाही. प्रश्न आहे खड्ड्यांचा. ०.३८ मिलिसेकंदांच्या उशिरानं पट्ट्यात दर २.६ किलोहर्ट्झला एक खोल खड्डा पडतो, १.३ नं दर ७६० हर्ट्झला. हे खड्डे थर हलतो तसे पट्ट्यातून सरकत जातात. वॉटरफॉलवर तिरक्या काळ्या रेघा दिसतात, पावसात काचेवरून ओघळ उतरावेत तशा. खड्डा अरुंद असला तर डीआरएमची चूक-दुरुस्ती त्यावरून उडी मारते. खड्डे बरेच आणि रुंद झाले, किंवा संपूर्ण पट्टाच पाच-दहा सेकंद बुडाला, की २ सेकंदांचा इंटरलीव्हर कमी पडतो. अँप्लिफायर इथे निरुपयोगी: खड्ड्यात काही नाहीच, वाढवणार काय?

करण्यासारखं एक आहे. १२० किलोमीटरवरून ई थरावरची आकाशलहर जमिनीशी सुमारे ५९ अंशांच्या कोनात येते, एफवरची ७६ अंशांत, म्हणजे जवळपास डोक्यावरून. उभ्या चौकटीचा लूप केंद्राच्या दिशेला लावला की वरून येणारंही तितक्याच आनंदानं घेतो. आडवी लांब वायर तर वरचंच जास्त घेते. उभी छोटी व्हिप मात्र डोक्यावरच्या दिशेला आंधळी असते: ५९ अंशांवरची लहर ती ६ डेसिबलनं आणि ७६ वरची १२ डेसिबलनं कमी करते, भूलहर पूर्ण घेते. दिवसा लूप आणि संध्याकाळी घरापासून निदान ४-५ मीटर दूर, स्वतःच्या अर्थच्या खिळ्यावर उभी केलेली सक्रिय व्हिप, ही जोडी सगळ्यांत फायद्याची. व्हिप खिडकीच्या गजाला बांधली तर घरातला सगळा एलईडी-गोंगाट ती गोळा करेल आणि मिळवलेलं सगळं जाईल.

ड्रीममध्ये चॅनेल एस्टिमेशन दोन्हीकडे वीनर ठेवा, एमएलसीच्या (चूक-दुरुस्तीच्या) फेऱ्या १ वरून ४ वर न्या. यानं १-२ डेसिबलची सवलत मिळते. काठावरच्या संध्याकाळी तेवढी पुरते.

यातून एक उलटा वाटणारा निष्कर्ष निघतो: रात्री १५० किलोमीटरवरचं केंद्र तुटत असताना ८०० किलोमीटरवरचं नीट चालू शकतं, कारण तिथे भूलहर उरलेलीच नसते आणि मारामारीला दुसरा पक्ष नाही. दिवसा डीएक्स करायचं तर समुद्राच्या बाजूला पाहा. राजकोटचं १०७१ किलोहर्ट्झ मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे, ट्रान्समीटर १००० किलोवॉटचा, आणि वाटेत बराच भाग खारं पाणी. खाऱ्या पाण्यावर भूलहर जमिनीपेक्षा कितीतरी कमी झिजते. त्याच अंतरावर देशावरून येणाऱ्या केंद्राची दुपारी अपेक्षा ठेवू नका.

रात्री पट्ट्यात उभी रेघ

आपल्याकडे चॅनेल ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आहेत आणि पट्टा १० चा. शेजाऱ्याचे काठ थोडे लागणारच. रात्री त्यात दूरच्या एखाद्या एएम केंद्राचा वाहक पट्ट्याच्या आत येऊन बसतो: एक जाड, न हलणारी रेघ. वर सांगितलेल्या तीन रेघांपैकी ती नाही, याची खात्री करा. मग एसडीआर प्रोग्रॅममध्ये २०० हर्ट्झचा नॉच टाका. त्यानं ५ उपवाहक जातात, २२६ मधले ५ सहज परवडतात. ड्रीमची बँडपास फिल्टर आणि मॉडिफाइड मेट्रिक ही दोन बटणंही यासाठीच आहेत. त्रास मध्याच्या वरच्या बाजूला असेल तर आधी एफएसी मरतो, कारण त्याचे उपवाहक वरच्या अर्ध्या भागातच असतात. खालच्या बाजूचा तेवढाच त्रास एफएसीला कळतही नाही, फक्त एमएससी लंगडतो.

घड्याळ लावून तुटतं

एसएनआर २० च्या वर, सगळे दिवे हिरवे, आणि तरी दर १५-१७ मिनिटांनी एकदा आवाज जाऊन ५ सेकंदांत परत येतो. वेळा कागदावर लिहा. अंतर सारखं निघालं तर आकाशाचा दोष नाही. एसडीआरचं घड्याळ आणि व्हर्च्युअल केबलचं घड्याळ यांत दशलक्षात १०० चा फरक असेल तर सेकंदाला ४.८ नमुने साचतात किंवा कमी पडतात. ४८०० नमुन्यांचा बफर १००० सेकंदांत भरतो, सांडतो आणि ड्रीमला पहिल्यापासून कुलूप लावावं लागतं. दोन्हीकडचा बफर मोठा करा, किंवा केबल टाळून आय-क्यू फाइल रेकॉर्ड करून तीच ड्रीमला द्या. फाइलमध्ये एकच घड्याळ असतं.

सगळे हिरवे आणि शांतता

बहुतेक वेळा कोडेक. केंद्र एक्सएचई-एएसी वापरत असेल तर ड्रीमच्या २.१.१ आवृत्तीला ते कळत नाही. नाव दिसतं, भाषा दिसते, आवाज नाही. २.२ आवृत्ती आणि तिच्या फोल्डरमध्ये एफडीके-एएसी लायब्ररी लागते. जुन्या एएसीसाठी २.१.१ लाही फॅड-टूची डीआरएम-लायब्ररी वेगळी ठेवावी लागते, ती सोबत येत नाही. दुसरं कारण क्षुल्लक: ड्रीमचा आवाज पुन्हा व्हर्च्युअल केबलमध्येच जातोय. आउटपुट स्पीकरवर वळवा.

डीएक्सच्या नोंदीसाठी आवाज यायलाच हवा असं नाही. एमएससी पूर्ण लाल असताना एसडीसी दोन-तीनदा हिरवा होऊन केंद्राचं नाव येऊन जातं. त्या क्षणाचा पडदा टिपून ठेवा. रात्री उशिरा ड्रीमची लॉग फाइल चालू ठेवून झोपावं, सकाळी नावं मिळतात.

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक जोड. तिथला सगळा-डिजिटल एएम म्हणजे डीआरएम नव्हे, एचडी रेडिओचा एमए-३. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकच्या डब्ल्यूडब्ल्यूएफडीनं ८२० किलोहर्ट्झवर जुलै २०१८ मध्ये प्रायोगिक सुरुवात केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये एफसीसीनं (तिथल्या प्रसारण नियामकानं) इच्छुक केंद्रांना परवानगी दिली. वॉटरफॉलवर पट्टा पाहून ड्रीम लावलंत तर काहीही होणार नाही. ओळख सोपी आहे: एमए-३ च्या मधोमध न मोड्युलेट केलेला ठळक वाहक उभा असतो, डीआरएमच्या मधोमध काहीच नसतं. तिथे एनआरएससी-५ नावाचा मुक्त स्रोत प्रोग्रॅम एएमच्या पर्यायासह चालवा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायचं असेल तर १० मिनिटांचं आय-क्यू रेकॉर्डिंग द्या: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल, आकार सुमारे ११५ मेगाबाइट. सोबत वारंवारता, वेळ, अँटेना आणि साखळी कोणत्या दिव्यावर अडते ते लिहा. मोठी होते म्हणून फाइलचं एमपी-३ करून पाठवू नका. माणसाच्या कानाला नको ते एमपी-३ काढून टाकतं, आणि डीआरएमचा पट्टा त्याच्या लेखी नुसती खरखर असते.